हार्वर्डचा मेमोरियल हॉल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या केंब्रिज गावी मुलांना सोडायला गेलेले आईवडील, बॉस्टन फिरून आलेले प्रवासी आणि अमेरिकन यादवी युद्धावर वाचणारे लोक, या सगळ्यांकडून हार्वर्ड विद्यापीठातल्या या एका इमारतीबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न येतात. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागणार असेल तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ही इमारत चर्च आहे का? फोटोत तर अगदी तशीच दिसते.

चर्च नाही, पण तसं वाटणं साहजिक आहे. लाल विटांच्या भिंती, टोकदार कमानी, रंगीत स्लेटच्या पट्ट्यांचं उतरतं छप्पर, मधोमध भक्कम चौकोनी मनोरा आणि एका टोकाला अर्धगोल फुगलेली बाजू, असं सगळं असल्यावर माणूस दुसरं काय समजणार? वास्तुरचनाकारांनी कॅथीड्रलचा आराखडा घेतला आणि त्याच्या प्रत्येक भागाला वेगळं काम दिलं. पश्चिमेकडच्या लांबट भागात भोजनगृह आहे. पूर्वेच्या फुगलेल्या टोकात सँडर्स थिएटर हे सभागृह आहे. या दोहोंच्या मधून, मनोऱ्याच्या खालून, इमारतीला आडवं छेदत जाणारं स्मृतिदालन आहे. वेदी कुठेच नाही. चर्चमध्ये जिथे लोक प्रार्थनेला बसले असते तिथे आज विद्यार्थी जेवायला बसतात.

विद्यापीठात मेमोरियल चर्च नावाची खरीखुरी प्रार्थनेची वास्तूही आहे. ती वेगळी, आणि वेगळ्या युद्धांसाठी आहे. तिच्याबद्दल प्रश्न १० पाहा.

२. हे कोणत्या युद्धाचं स्मारक आहे?

१८६१ ते १८६५ या काळातल्या अमेरिकन यादवी युद्धाचं. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली राज्यं संघराज्यातून फुटली आणि त्यांनी 'कॉन्फेडरसी' नावाची वेगळी चूल मांडली. संघराज्य टिकवण्यासाठी उत्तरेची राज्यं लढली. संघराज्याच्या बाजूने लढताना मेलेल्या हार्वर्डच्या १३६ जणांची नावं या इमारतीत कोरली आहेत. 'संघराज्याच्या बाजूने' हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. या इमारतीवरचे निम्मे वाद त्यांच्यामुळेच झाले (प्रश्न ८).

३. कुणी बांधली? किती वर्षं लागली?

युद्ध संपलं त्याच वर्षी, १८६५ मध्ये, माजी विद्यार्थ्यांनी स्मारकाची तयारी सुरू केली. पैसा मुख्यतः त्यांच्याच वर्गणीतून उभा राहिला. कोनशिला ६ ऑक्टोबर १८७० रोजी बसली. १८७४ मध्ये स्मृतिदालन आणि भोजनगृह यांचं समर्पण झालं, १८७६ मध्ये सभागृह तयार झालं आणि १८७७ पर्यंत मनोरा पुरा झाला.

आराखडा विल्यम रॉबर्ट वेअर आणि हेन्री व्हॅन ब्रंट या जोडीचा. दोघेही हार्वर्डचेच, वेअर १८५२ च्या वर्गातला आणि व्हॅन ब्रंट १८५४ च्या (हार्वर्डला वर्ग ओळखतात तो पदवीच्या वर्षावरून). व्हॅन ब्रंट स्वतः युद्धात नौदलात होता. वेअर पुढे एमआयटीतल्या वास्तुकलेच्या अभ्यासक्रमाचा संस्थापक झाला. अमेरिकेतल्या विद्यापीठांमधलं हे वास्तुकलेचं पहिलं शिक्षण. या दोघांनी आराखडा काढला तो अनोळखी मृतांसाठी नव्हता. चार्ल्स रसेल लॉवेल व्हॅन ब्रंटच्याच वर्गातला होता आणि पॉल जोसेफ रिव्हिअर वेअरच्या वर्गातला. दोघांची नावं दालनात आहेत.

४. सरळ एखादा स्तंभ किंवा पुतळा का नाही उभारला? हुतात्म्यांच्या स्मारकात जेवणाचा हॉल म्हणजे विचित्र वाटतं.

हा प्रश्न तेव्हाच्या माजी विद्यार्थ्यांनाही पडला होता. काहींना निव्वळ स्मारक हवं होतं, ज्याचा दुसरा काहीही उपयोग नाही असं. स्मारकाला उपयोगाची जोड दिली की हळूहळू उपयोग उरतो आणि स्मारक विसरलं जातं, अशी त्यांची भीती होती, आणि ती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. दुसऱ्या बाजूच्या लोकांची गरज व्यवहाराची होती. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यासाठी, जेवणावळीसाठी आणि पदवीदानासाठी विद्यापीठाकडे पुरेशी मोठी जागा नव्हती. त्यातच चार्ल्स सँडर्स या १८०२ च्या वर्गातल्या माजी विद्यार्थ्याने मृत्युपत्रात सभागृहासाठी पैसे ठेवले होते. शेवटी भोजनगृह, सभागृह आणि स्मृतिदालन अशा तिन्ही गोष्टी एका छपराखाली आणायचं ठरलं.

या तडजोडीत वास्तुरचनाकारांनी जी हुशारी दाखवली ती मला फार मोलाची वाटते. स्मृतिदालन कोपऱ्यात लोटलं असतं तर वर्षातून एकदा हार घालायला कुलूप उघडण्याची ती जागा झाली असती. त्यांनी ते मध्ये ठेवलं. जेवायला जायचं तर दालनातून, गाण्याच्या कार्यक्रमाला जायचं तरी दालनातूनच. आपल्याकडे वीरगळ गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात असतो आणि येणाजाणाऱ्याच्या नजरेला पडत राहतो, त्याची मला इथे आठवण होते.

इमारतीची जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. हार्वर्ड यार्ड म्हणजे विद्यापीठाचं जुनं मुख्य आवार. त्याच्या उत्तरेला रस्त्यांच्या मधोमध तिकोनी मैदान होतं, त्याला 'डेल्टा' म्हणत. विद्यार्थी तिथे चेंडू खेळायचे. पाट्यांवरची बरीच मुलं त्याच मैदानावर पळालेली असणार.

५. दालनात आत काय दिसतं?

बाहेरून लाल-काळी दिसणारी इमारत आत गेल्यावर एकदम तपकिरी आणि शांत होते. दालन लांबट आहे, रुंदीला त्या मानाने अरुंद, आणि उंच. लाकडी कमानींचं छत जमिनीपासून साधारण ६० फुटांवर आहे. दोन्ही टोकांच्या दारांच्या वर मोठी काचचित्रं आहेत. दुपारी त्यांतून आलेला रंगीत उजेड फरशीवर पडतो. भिंतींवर लॅटिन वचनं आहेत.

खालच्या भागात गडद अक्रोडी लाकडाच्या कमानींची रांग आहे आणि त्या कमानींत पांढऱ्या संगमरवराच्या २८ पाट्या बसवल्या आहेत. वर्गाच्या वर्षानुसार आणि शाखेनुसार नावं लावली आहेत. प्रत्येक नावाशी मृत्यूची तारीख आणि ठिकाण, एवढंच. हुद्दा नाही, पराक्रमाचं वर्णन नाही. कर्नल आणि साधा शिपाई एकाच आकाराच्या अक्षरांत. वाचता वाचता ठिकाणांची नावं ओळखीची होऊ लागतात : अँटीटम, गेटिसबर्ग, फोर्ट वॅग्नर. एका पाटीवर एकच ठिकाण दोनदा दिसलं की आपण नकळत दोन्ही तारखा ताडून बघतो.

६. या नावांतली ओळखीची नावं कोणती?

अमेरिकेबाहेर सगळ्यात जास्त ठाऊक असलेलं नाव रॉबर्ट गुल्ड शॉ याचं. ५४वी मॅसॅच्युसेट्स ही उत्तरेत उभारलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी एक. शॉ तिचा गोरा कर्नल होता. १८ जुलै १८६३ रोजी फोर्ट वॅग्नरवर चढाई करताना तो पडला, तेव्हा २५ वर्षांचा होता. शत्रूने त्याला त्याच्या सैनिकांबरोबर एकाच खड्ड्यात पुरलं. पुढे त्याचा देह परत आणण्याची गोष्ट निघाली तेव्हा वडिलांनी तो सैनिकांसोबतच राहू द्या असं सांगितलं. बॉस्टनमध्ये स्टेट हाऊससमोर घोड्यावरचा शॉ आणि बरोबर चालणारी पलटण असं जे प्रसिद्ध शिल्प आहे, ते ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं, १८९७ सालचं. ते आणि मेमोरियल हॉल यांचा थेट संबंध नाही. विचारणा बरेचदा होते, म्हणून इथेच सांगून ठेवलं.

शॉच्या मृत्यूनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी त्याची बहीण जोसेफिन हिचं लग्न झालं, चार्ल्स रसेल लॉवेलशी. लॉवेल १८५४ च्या वर्गात पहिला आलेला. घोडदळाचा अधिकारी म्हणून तो सीडर क्रीकच्या लढाईत जबर जखमी झाला आणि दुसऱ्या दिवशी, २० ऑक्टोबर १८६४ रोजी, गेला. जोसेफिन तेव्हा २० वर्षांची होती आणि दिवस भरत आले होते. मुलगी महिनाभराने झाली. चार्ल्सचा धाकटा भाऊ जेम्स जॅक्सन लॉवेल त्याआधीच, ४ जुलै १८६२ रोजी, व्हर्जिनियात झालेल्या जखमांनी गेला होता. तोही त्याच्या वर्गात पहिला. एका मुलीचा भाऊ, नवरा आणि दीर, तिघे याच दालनात. जोसेफिन शॉ लॉवेल पुढे न्यूयॉर्कमध्ये गोरगरिबांसाठी आणि कामगार स्त्रियांसाठी काम करणारी मोठी समाजसुधारक झाली. तिचं नाव कुठल्या पाटीवर असायचं कारण नाही, पण या पाट्या पाहताना मला तिचीच आठवण जास्त येते.

रिव्हिअर बंधूही असेच. एडवर्ड डॉक्टर होता, पलटणीचा साहाय्यक शल्यचिकित्सक. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटीटमला मारला गेला. पॉल जोसेफ गेटिसबर्गच्या जखमांनी ४ जुलै १८६३ रोजी गेला. १७७५ मध्ये रात्री घोडा फेकत ब्रिटिश फौज येत असल्याची वर्दी देणारा पॉल रिव्हिअर, त्याचे हे नातू.

आणखी एक नाव आवर्जून शोधा : वाइल्डर ड्वाइट, १८५३ चा वर्ग. अँटीटमच्या सकाळी तो आईला पत्र लिहीत होता. मजकूर अर्धा असताना लढाई सुरू झाली. मांडीला गोळी लागून रणात पडल्यावर त्याने खिशातलं तेच पत्र काढलं आणि पडल्या पडल्या पुढे लिहिलं. दोन दिवसांनी तो गेला. रक्ताचे डाग पडलेलं ते पत्र बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने जपून ठेवलं आहे.

७. ज्यांनी पदवी पूर्ण केली नाही त्यांचीही नावं आहेत का?

आहेत. रॉबर्ट शॉचंच उदाहरण घ्या. तो १८६० च्या वर्गाचा, पण १८५९ मध्येच शिक्षण सोडून गेला होता. पदवीची अट लावली असती तर त्या वर्गाचं सगळ्यात प्रसिद्ध नाव वगळावं लागलं असतं. वैद्यकासारख्या व्यावसायिक शाखांत शिकलेल्यांचाही समावेश आहे. मात्र लढून जिवंत परतलेल्यांची नावं इथे नाहीत. युद्धात तीनदा जखमी झालेला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झालेला ऑलिव्हर वेंडेल होम्स ज्युनिअर हार्वर्डचाच, पण तो तब्बल १९३५ पर्यंत जगला. त्याचं नाव इथे शोधू नका.

८. दक्षिणेकडून लढून मेलेलेही हार्वर्डचेच विद्यार्थी होते. त्यांची नावं का नाहीत?

सर्वांत जास्त आणि सर्वांत तावातावाने विचारला जाणारा प्रश्न हाच.

दक्षिणेतल्या श्रीमंत घरांतली मुलं युद्धाआधी मोठ्या संख्येने हार्वर्डला येत, विशेषतः कायदा शिकायला. त्यातले बरेच कॉन्फेडरेट सैन्यात गेले आणि अनेक मेले. दक्षिणेच्या सैन्याचा जनरल रॉबर्ट ई. ली याचा मुलगा विल्यम, ज्याला सगळे 'रूनी' म्हणत, जेम्स जॅक्सन लॉवेलचा वर्गबंधू होता. १८६२ च्या उन्हाळ्यात दोघेही व्हर्जिनियात होते, समोरासमोरच्या सैन्यांत. जेम्स मेला, रूनी जगला. बेन हार्डिन हेल्म याची गोष्ट त्याहून चटका लावणारी. तो हार्वर्डला कायदा शिकलेला आणि नात्याने अब्राहम लिंकनचा साडू, त्याची बायको मेरी लिंकनची सावत्र बहीण. लिंकनने त्याला संघराज्याच्या सैन्यात चांगली जागा देऊ केली होती. ती नाकारून तो दक्षिणेकडे गेला आणि सप्टेंबर १८६३ मध्ये चिकमॉगाच्या लढाईत मारला गेला. लिंकनचा थोरला मुलगा त्या वेळी हार्वर्डमध्येच शिकत होता.

असं असूनही नावं नाहीत, कारण पैसे गोळा करणाऱ्यांनी पहिल्यापासून ठरवलं होतं की हे संघराज्यासाठी मेलेल्यांचं स्मारक आहे. १८६५ साली त्यांच्या घरातले मृतदेह अजून परत येत होते. ज्यांच्या गोळ्यांनी आपली मुलं मेली त्यांच्यासाठी वर्गणी काढायला कुणी तयार होईल, अशी अपेक्षाच गैर आहे.

खरा प्रश्न पुढच्या पिढ्यांचा. राग निवल्यावर नावं घालायला काय हरकत होती? तसे प्रस्ताव आले. १९९० च्या दशकात दोन्ही बाजूंच्या मृतांची नोंद घेण्याची कल्पना पुढे आली तेव्हा जोरदार विरोध झाला, विशेषतः कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा आणि माजी विद्यार्थ्यांचा, आणि ती मागे पडली.

माझं मत मी लपवत नाही : नावं नाहीत हेच बरोबर. ही २८ पाट्यांची यादी मृतांची जनगणना म्हणून लावलेली नाही. कशासाठी मेले, हे ती सांगते. शॉबरोबर त्या खड्ड्यात पडलेल्या सैनिकांना कॉन्फेडरसी माणूस मानायला तयार नव्हती. शॉच्या नावापासून चार पावलांवर त्या कॉन्फेडरसीसाठी लढलेल्याचं नाव आदराने कोरलं, तर शॉच्या नावाचा अर्थच बदलतो. हेल्मच्या घरच्यांचं दुःख खरं होतं यात शंका नाही. त्या दुःखासाठी दुसरी जागा असू शकते.

९. बाकीच्या विद्यापीठांनीही असंच केलं का?

नाही. प्रिन्स्टनच्या नॅसॉ हॉलमध्ये यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंच्या मृतांची नावं एकत्र आहेत, कोण कुठल्या सैन्यात होता हे न सांगता. येलने १९१५ मध्ये वूल्झी हॉलच्या दालनात स्मारक केलं, त्यातही दोन्ही बाजू आहेत. साल बघा : युद्धानंतर ५० वर्षं. तोपर्यंत उत्तर-दक्षिणेतल्या गोऱ्या समाजाने आपापसांत समेट करून घेतला होता, आणि त्या समेटाची किंमत कृष्णवर्णीयांनी मोजली. येलचं स्मारक सुंदर आहे, पण ते पाहताना हे साल विसरू नये. हार्वर्डने आधी बांधलं, म्हणून त्यात १८६५ सालची धग शिल्लक राहिली.

१०. मग महायुद्धांत मेलेले विद्यार्थी कुठे? जर्मन विद्यार्थ्यांची नावं हार्वर्डने लावलीत म्हणे. मग दक्षिणेकडच्यांना वेगळा न्याय का?

पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी हार्वर्ड यार्डमध्ये मेमोरियल चर्च बांधलं गेलं. ११ नोव्हेंबर १९३२ रोजी, शस्त्रसंधीच्या वाढदिवशी, ते समर्पित झालं. तिथल्या स्मृतिकक्षात मित्रराष्ट्रांच्या बाजूने मेलेल्या ३७३ जणांची नावं आहेत. दुसऱ्या महायुद्धातली नावं चर्चच्या आत भिंतीवर आहेत.

जर्मनांची गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीकडून लढून मेलेल्या हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांसाठी चर्चमध्ये वेगळी लॅटिन पाटी आहे. निरनिराळ्या झेंड्यांखाली आपापल्या देशासाठी प्राण दिलेल्या आपल्या मुलांना हार्वर्ड विसरलेलं नाही, असा तिचा अर्थ. दुसऱ्या महायुद्धाच्या यादीत आडोल्फ झानवाल्ड हे जर्मन नाव आहे. हा पाद्री हार्वर्डला धर्मशास्त्र शिकून गेला होता, नाझींच्या विरोधात होता, तरी सैन्यात भरती केला गेला आणि पूर्व आघाडीवर मेला. त्याच्या नावापुढे तो शत्रुपक्षाकडील असल्याची नोंद आहे.

आता तुलना. जर्मनांना जागा मिळाली आणि कॉन्फेडरेटांना नाही, यात विसंगती आहे का? वरवर आहे. पण जर्मन पाटी मुख्य यादीत मिसळलेली नाही. ती स्वतंत्र आहे आणि आपण वेगळ्या झेंड्याखालच्यांबद्दल बोलतोय हे उघड सांगते. शिवाय ती चर्चमध्ये आहे, जिथे मृतासाठी प्रार्थना करताना तो कुठल्या बाजूचा हे विचारलं जात नाही. मेमोरियल हॉल प्रार्थनास्थळ नाही (प्रश्न १). दोन वास्तूंची कामं निराळी, म्हणून नियमही निराळे. हे उत्तर सगळ्यांना पटत नाही याची मला कल्पना आहे.

११. जुन्या फोटोंत मनोऱ्यावर घड्याळ दिसतं, काही फोटोंत मनोऱ्याला टोकच नाही. असं कसं?

दोन्ही प्रकारचे फोटो खरे आहेत, फक्त काळ वेगळे. १८७७ च्या मूळ मनोऱ्याला घड्याळ नव्हतं. १८९७ मध्ये १८७२ च्या वर्गाने घड्याळ भेट दिलं आणि त्यासाठी मनोऱ्याचा माथा बदलला. सप्टेंबर १९५६ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली आणि वरचा भाग जळून गेला. मग चाळीसहून अधिक वर्षं ही इमारत बोडकी उभी होती. हार्वर्डला शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी तिला तशीच पाहिली. १९९९ मध्ये कॅथरिन लोकर यांच्या देणगीतून मनोरा पुन्हा बांधला, तो १८७७ च्या रूपात. म्हणून आता घड्याळ दिसत नाही.

१२. भोजनगृह सुरुवातीपासून सलग चालू आहे का?

नाही. १८७४ पासून १९२६ पर्यंत तिथे विद्यार्थी जेवत. नंतर साठ-सत्तर वर्षं हा भव्य हॉल अधूनमधून परीक्षा, नोंदणी, समारंभ अशा कामांना वापरला जाई. १९९० च्या दशकात नूतनीकरण होऊन १९९६ पासून तो पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचं भोजनगृह झाला आणि त्याला अ‍ॅननबर्ग हॉल नाव मिळालं. नूतनीकरणात रॉबर्ट व्हेंचुरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन यांच्या संस्थेचा मोठा वाटा होता. खिडक्यांतली काचचित्रं वेगवेगळ्या वर्गांनी वर्गणी काढून पुढच्या काही दशकांत बसवली. त्यात जॉन ला फार्ज आणि सारा वायमन व्हिटमन यांच्यासारख्या नामवंतांची कामं आहेत.

१३. तळघरात प्रयोगशाळा होती हे खरं आहे का?

खरं आहे. दुसऱ्या महायुद्धात एस. एस. स्टीव्हन्स यांची ध्वनी-मानसशास्त्र प्रयोगशाळा तळघरात होती. विमानाच्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात वैमानिकाला बोलणं नीट ऐकू कसं येईल, यावर तिथे काम चाललं. म्हणजे वर एका युद्धातल्या मृतांची नावं होती आणि खाली दुसऱ्या युद्धातली माणसं वाचवायची खटपट. युद्धानंतर कानाच्या कार्यावर संशोधन करणारे गेऑर्ग फॉन बेकेशी तिथेच काम करत. त्यांना १९६१ मध्ये नोबेल मिळालं. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांची प्रयोगातली कबुतरंही याच तळघरात होती.

१४. चर्चिल यांचं भाषण कुठे झालं, चर्चमध्ये की इथे?

इथे, सँडर्स थिएटरमध्ये, ६ सप्टेंबर १९४३ रोजी, हार्वर्डची मानद पदवी स्वीकारताना. हे लाकडी सभागृह ऑक्सफर्डच्या शेल्डोनियन थिएटरवरून सुचलेलं आहे आणि त्यात साधारण १,००० माणसं बसतात. आवाज इतका स्वच्छ पोचतो की संगीताच्या मैफली अजून तिथे होतात.

१५. जॉन हार्वर्डचा पुतळा पूर्वी इथे होता का?

हो. डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी घडवलेला हा पुतळा १८८४ मध्ये मेमोरियल हॉलजवळ बसवला होता. १९२४ मध्ये तो यार्डमध्ये युनिव्हर्सिटी हॉलसमोर हलवला.

१६. मेमोरियल हॉल, मेमोरियल चर्च, सोल्जर्स फील्ड : हे सगळं एकच की काय?

तिन्ही वेगळी. पहिली दोन वर आली आहेत. सोल्जर्स फील्ड म्हणजे चार्ल्स नदीपलीकडचं खेळाचं मैदान. स्वतः यादवी युद्धात लढलेले हेन्री ली हिगिन्सन यांनी ती जमीन १८९० मध्ये सहा मित्रांच्या स्मरणार्थ विद्यापीठाला दिली. त्या सहांत लॉवेल बंधू आणि शॉ आहेत (प्रश्न ६). 'डेल्टा'वर हॉल बांधल्यामुळे विद्यार्थ्यांचं एक मैदान गेलं होतं. वीस वर्षांनी त्याच मृतांपैकी काहींच्या नावाने त्याहून मोठं मैदान मिळालं.

१७. बाहेरच्या माणसाला आत जाता येतं का? गेलो तर काय बघावं?

भोजनगृह विद्यार्थ्यांचं आहे, पर्यटकांना तिथे सोडत नाहीत. दारातून डोकावून जेवणाऱ्या मुलांचे फोटो काढू नका, त्यांना त्याचा फार त्रास होतो. सभागृहात कार्यक्रमाचं तिकीट काढून जाता येतं, आणि इमारत पाहायची ती सर्वांत छान पद्धत आहे. स्मृतिदालन एरवी इमारत उघडी असताना बघता येतं, तरी जाण्याआधी त्या दिवशीच्या वेळा विचारून घ्या.

आत गेल्यावर आधी वर बघू नका, छत कुठे पळून जात नाही. १८५४ ची पाटी शोधा, मग १८५८ ची, मग १८६० ची. चार्ल्स, जेम्स आणि रॉबर्ट या क्रमाने सापडतील. दुपारी जेवणाच्या वेळेला गेलात तर भोजनगृहाचं दार सारखं उघडत-मिटत असतं आणि प्रत्येक वेळी ताटवाट्यांचा, मुलांच्या हसण्याचा आवाज पाट्यांपर्यंत येतो. तीच वेळ निवडा.